अठ्ठ्याऐंशी सेंटिमीटरवरची रेघ

३ जानेवारी

भिंत पाडायची. ठरलं.

दुकानात येणाऱ्या प्रत्येक चौकटीची मी चिठ्ठी ठेवतो. माप काय, काच कुठली, सांधे कोणी मारले (मीच). मग स्वतःच्या घराच्या कामाची नोंद नको? म्हणून ही वही. आधी जे आहे ते लिहून ठेवतो.

हॉल ४.८२ बाय ३.३५ मीटर. स्वयंपाकघर २.९० बाय २.४४. जेवणाची जागा म्हणून जी काही आहे ती नुसती बोळ आहे. तिथे टेबल लावलं की एका माणसाला पोट आत ओढून बसावं लागतं. तो माणूस मी. आणि या सगळ्याच्या मध्ये ती भिंत. अण्णांच्या खोलीच्या दारापासून निघते, स्वयंपाकघराला वळसा घालते आणि बाथरूमच्या दाराशी संपते. एकूण लांबी ६.१५ मीटर, जाडी साडेचार इंच.

घरात माणसं चार. मी. ही. आमची ठकी, वय सतरा, जिचं खरं नाव आता फक्त शाळेच्या दाखल्यावर उरलंय. आणि अण्णा, माझे वडील, एकोणऐंशी. एकतीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवायचे. शिशाचं उलटं अक्षर नुसत्या बोटाने ओळखायचे.

भिंत का पाडायची, तेही लिहितो. बावीस वर्षं ही भिंतीपलीकडे उभी राहून स्वयंपाक करते. आम्ही अलीकडे बसून हसतो. मग आतून हाक येते, "काय झालं? मला पण सांगा!" मग मी तीच गंमत पुन्हा सांगतो आणि दुसऱ्यांदा सांगितलेली गंमत म्हणजे गार झालेला चहा. पोस्टाच्या खिडकीमागून ती तीन वाजता सुटते आणि घरी येऊन दुसऱ्या खिडकीमागे उभी राहते. मला ती पहिल्या सांगण्याला हसायला हवी आहे. बास.

आर्किटेक्ट नाही. नकाशा मी काढणार. चौकटी तरी मला कोणी शिकवल्या?

७ जानेवारी

इमारतीच्या नियमाप्रमाणे भिंत पाडायला इंजिनिअरची सही लागते. आज इंजिनिअरबाई आल्या. भिंतीवर टकटक केलं, छताकडे पाहिलं, माझा नकाशा पाहिला. म्हणाल्या, "कोणी काढला हो? मिलिमीटर पण लिहिलेत."

"आम्हीच," मी म्हणालो. आम्ही म्हणजे मी, पण बाहेरच्या माणसासमोर थोडी नम्रता बरी दिसते.

बाईंनी निकाल दिला. "ही भिंत कसलाच भार घेत नाही. खुशाल पाडा."

अण्णा आपल्या खुर्चीत बसून ऐकत होते. त्या गेल्यावर म्हणाले, "नीट विचारलंस ना? नक्की कसलाच भार नाही?"

"नक्की, अण्णा. सही करून गेल्या."

"मग काय," म्हणाले, "सही झाली म्हणजे झालंच."

म्हाताऱ्या माणसांना बदल नको असतो. समजू शकतो.

१२ जानेवारी

भिंतीची आजची अवस्था नोंदवतो, कारण उद्या कोणी म्हणायला नको की चांगली भिंत पाडली. तिच्यावर एक मळकट तपकिरी रेघ आहे. जमिनीपासून ८८ सेंटिमीटर, रुंदी चार बोटं, अण्णांच्या दारापासून थेट बाथरूमपर्यंत, वळणावरसुद्धा न तुटता. दोन वर्षांत दोनदा मी तिच्यावर रंग मारला. दोन्ही वेळा परत उगवली.

"ठके, तुझ्या दप्तराची रेघ आहे ही."

"माझं दप्तर पाठीवर असतं, बाबा. मी काय उंट आहे, भिंतीला घासत चालायला?"

हिला विचारलं, तर म्हणाली, "राहू दे ना, पाडणारच आहात तर." आणि भांडी जरा जास्त आवाज करत लावली.

१५ जानेवारी

दुकानात मोठं काम. जहाजाचं जुनं चित्र, काळी दुहेरी चौकट, आठ सांधे. नेहमीप्रमाणे घरी आणून अण्णांपुढे धरली. गेली पंचवीस वर्षं माझी अशी एकही अवघड चौकट अण्णांना दाखवल्याशिवाय गिऱ्हाइकाकडे गेलेली नाही. सुरुवातीला तर ते लांबूनच म्हणायचे, "फट आहे." मी म्हणायचो, कुठे? ते म्हणायचे, "शोध." आणि असायची. कागदाएवढी.

आज त्यांनी चारही कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला, मान हलवली. "फर्स्ट क्लास."

स्वतःच्या वहीत खोटं कशाला लिहू? दोन वर्षं झाली, अण्णांना माझ्या कामात फट सापडलेली नाही. सगळं फर्स्ट क्लास. शिकवणारा कोणी नसताना माणूस इथवर येतो, याचं मला कधी कधी माझंच नवल वाटतं.

१९ जानेवारी

आज सुट्टी. नवा नकाशा खऱ्या मापात हॉलच्या फरशीवर कागदी चिकटपट्टीने आखला. ओटा इथे, टेबल इथे, सोफा इथे, फ्रिज इथे. चार तास लागले. गुडघ्यांनी राजीनामा दिला.

सगळ्यांना बोलावलं. ठकी पट्ट्यांवरून उड्या मारत म्हणाली, "बाबांना स्वर्गात पाठवलं तर आधी दाराची चौकट काटकोनात आहे का बघतील." ही हसली. मग खरंच ओट्याच्या जागी उभी राहिली, काल्पनिक भाजी चिरली, मान वर केली आणि म्हणाली, "इथून सगळे दिसतात की हो!" तेवढ्यावर चार तास वसूल.

अण्णा बाहेर आले. भिंतीच्या कडेने, सावकाश. येऊन नेमके फ्रिजवर उभे राहिले.

"कसं वाटतंय, अण्णा?"

"छान आहे." नजर खिडकीकडे.

"अण्णा, तुम्ही फ्रिजवर उभे आहात."

"हो का? तरीच पायाला गार लागतंय."

सगळे हसले. पण मला जरा लागलं. खाली एकदा बघायला काय हरकत होती? पांढरी पट्टी, लाल फरशी, न दिसायला काय झालं?

२४ जानेवारी

पुठ्ठ्याचं मॉडेल पूर्ण. प्रमाण वीसास एक. खुर्च्यासुद्धा केल्या, सहा, प्रत्येकी तीन पुठ्ठे.

आज अण्णांनी मन जिंकलं. मॉडेल मांडीवर घेतलं आणि अर्धा तास सोडलं नाही. त्यांची बोटं म्हणजे जशी त्या घरात राहायलाच आलेली! दारातून आत, खोलीतून बाहेर, टेबलाला वळसा. "हे कपाट का? हं. ही खिडकी." एकही चूक नाही. शेवटी माझ्या कामात त्यांना रस वाटला.

मग आपल्या खोलीच्या दारापाशी बोट ठेवलं, पुढे सरकवलं आणि थांबले.

"इथून पुढे काय?"

"इथून पुढे मोकळं."

"मोकळं म्हणजे काय रे?"

"मोकळं म्हणजे काही नाही. पार खिडकीपर्यंत काही नाही!"

बराच वेळ बोट तिथेच. ही दारात उभी होती, हातात फडकं. म्हणाली, "अण्णा, चहा ठेवू का?" ते म्हणाले, "ठेव, सूनबाई. आणि पेपरातलं राहिलेलं वाचून दाखव."

हिला अलीकडे पेपर मोठ्याने वाचायची सवय लागली आहे. पोस्टात दिवसभर पत्ते वाचून पोट भरत नाही बहुतेक.

२ फेब्रुवारी

वाईट दिवस.

ओट्याची उंची तपासायला टीव्हीची आणि मिक्सरची रिकामी खोकी एकावर एक रचून हॉलच्या मधोमध ठेवली होती. लालभडक खोकी, आंधळ्यालाही दिसावीत अशी. अण्णा खोलीतून खुर्चीकडे निघाले, सरळ त्यांच्यावर चालून गेले आणि खोक्यांसकट आडवे. कोपर खरचटलं, बाकी नशीब.

मी धावलो. "अण्णा, दिसली नाहीत का?"

"विचारात होतो," म्हणाले.

ही मात्र माझ्यावर अशी कडाडली की विचारू नका. "वाटेत वस्तू ठेवायच्या नाहीत, हे या घरात किती वेळा सांगायचं? खुर्च्या आत ढकला, चपला कडेला लावा म्हणून मी घसा कोरडा करते, तो काय मला हौस आहे म्हणून?"

"अगं, पण लाल खोकी…"

"लाल असू दे नाहीतर जांभळी!"

अण्णा खाली बसल्या बसल्या म्हणाले, "सूनबाई, जाऊ दे. त्याची काही चूक नाही."

हे वाक्य त्यांनी असं म्हटलं की माझीच चूक असावी असं मला वाटायला लागलं.

३ फेब्रुवारी

ही बोलत नाही. आमटीत मीठही… नको. लिहीत नाही.

९ फेब्रुवारी

बोलली. पण काय बोलली! "अहो, भिंत अर्धी ठेवता येणार नाही का?"

"अर्धी म्हणजे?"

"कमरेइतकी."

"मग मोकळं काय झालं? चारचौघांत सांगायला नको, भिंत पाडली पण कमरेपर्यंत! आणि का ठेवायची?"

ती माझ्याकडे बघत राहिली. काहीतरी तोंडापर्यंत आलं होतं हे मला दिसत होतं. मी काही ठार आंधळा नाही. मग म्हणाली, "अण्णांना सवय आहे तिची."

"सवय होईल भिंत नसण्याची. पंधरा दिवसांत."

"तुमच्या मापात बसतं का बघा एकदा. एवढंच म्हणते."

रात्रीच्या जेवणाआधी पुन्हा नकाशा काढून बसलो. कमरेइतकी भिंत हे सौंदर्याच्या दृष्टीने पळपुटेपणाचं लक्षण आहे. एक तर असावं, नाहीतर नसावं.

२० फेब्रुवारी

धूळ बसेल म्हणून अण्णांना पंधरा दिवस आत्याकडे सोडायचं ठरलं. सकाळी निघताना त्यांनी भिंतीवर दोनदा थाप मारली. घोड्याच्या पाठीवर मारतात तशी. ठकी त्यांचा हात धरून खाली घेऊन गेली. हल्ली ती आजोबांचा हात धरून चालते. या वयाच्या मुली आईबापाच्या पुढे चार पावलं चालतात, म्हणून मला कौतुक वाटलं.

दहाला गवंडी आला. रेघेकडे बघून विचारलं, "घरात कोणी म्हातारं माणूस आहे का?"

"आहेत. का?"

"नाही, सहज." आणि घण उचलला.

साडेअकराला भिंत नव्हती. पलीकडच्या खिडकीतला उजेड पहिल्यांदा हॉलच्या या टोकापर्यंत आला. धुळीत उभा राहून मी एकटाच हसलो.

८ मार्च

काम संपलं. एकही माप चुकलं नाही. गवंडी म्हणाला, "साहेब, तुमच्याबरोबर परत काम करणार नाही." मी ते प्रशस्तिपत्रक समजतो.

काल मी दुकानातल्या त्या गिऱ्हाइकाची गोष्ट सांगत होतो, ज्याला बायकोचा फोटो भिंतीपेक्षा मोठा करून हवा होता. ही कांदा चिरत होती. आणि मी शेवटच्या शब्दावर येतोय तोवर ती हसली. पहिल्या सांगण्याला! सुरी खाली ठेवून, डोळे पुसत. कांद्याने असेल, पण मी ते हसण्यात धरलं.

आज संध्याकाळी अण्णांना आणलं. "या अण्णा, बघा!" मी दार उघडून बाजूला झालो.

अण्णा आत आले. डावा हात बाजूला गेला, जरा वर, आणि तसाच हवेत राहिला. चार पावलं चालले. थांबले. बरोब्बर मध्यावर. मी म्हटलं, बघतायत. माणसाला एवढी जागा डोळ्यांत साठवायला वेळ लागतोच. मिनिट झालं. दुसरं झालं. खिडकीतून सूर्य थेट तोंडावर येत होता, तरी ते हलले नाहीत.

"काय म्हणता?"

"उजेड फार आहे रे," अण्णा म्हणाले.

मग ही आली, कोपराला धरून म्हणाली, "चला अण्णा, हात-पाय धुऊन घ्या," आणि त्यांना घेऊन गेली.

उजेड फार आहे! पंधरा हजार माणसं या शहरात उजेडासाठी तडफडत असतील.

१२ मार्च

अण्णा खोलीतून बाहेर येत नाहीत. "दमलोय." "गुडघा दुखतोय." जेवण आत. ठकी ताट घेऊन जाते आणि तिथेच बसून जेवते. मग ही म्हणते, मीही आत जाते, त्यांना एकटं वाटेल. म्हणजे सहा माणसांच्या टेबलावर आज मी एकटा जेवलो, चारही बाजूंनी मोकळा.

मला राग आलाय, लिहूनच टाकतो. मी हे कोणासाठी केलं? त्यांना आवडलं नाही तर सांगावं. फट आहे म्हणावं. शोध म्हणावं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम, आणि त्यावर "उजेड फार आहे".

१४ मार्च

आजच लिहायला हवं.

ओट्याच्या कडेची पट्टी बसवायची राहिली होती म्हणून दुपारी एकलाच दुकान बंद करून आलो. ही पोस्टात, ठकी शाळेत. दार किल्लीने उघडलं. अण्णा हॉलच्या मधोमध उभे होते. दोन्ही हात पुढे, बोटं पसरलेली, पाण्यात उतरल्यासारखे. ओठ हलत होते.

"सहा… सात… आठ…"

मी त्यांच्या समोर उभा होतो. चार फुटांवर. माझ्या तोंडावर उजेड होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे त्यांचे डोळे माझ्याकडे होते, आणि ते म्हणाले, "नऊ." आणि उजवीकडे वळले, सोफ्यावर गुडघा आपटला, थांबले. "च्." मग परत फिरून उलटे मोजायला लागले.

तेवढ्यात त्यांनी मान वर केली, नाक जरा फेंदारलं.

"कोण आहे? लाकडाचा भुसा… तू का रे?"

"मी, अण्णा."

"लवकर आलास."

"हो."

"मी जरा… बाथरूमकडे निघालो होतो."

बाथरूम त्यांच्या पाठीमागे होतं. मी त्यांना नेलं. कोपर धरलं, हिने धरलं होतं तसं. पहिल्यांदा कळलं की त्या धरण्यातसुद्धा काहीतरी शिकण्यासारखं आहे. मी फार घट्ट धरलं होतं.

बाहेर आल्यावर त्यांना खुर्चीत बसवलं आणि खाली फरशीवर बसलो. किती दिसतं, विचारलं.

"आधी सगळं राखाडी होतं. भिंत होती तोवर राखाडीत चालायचं. आता सगळं पांढरं झालंय."

"कधीपासून?"

"दोन वर्षांपूर्वी सूनबाईबरोबर चष्मा बदलायला गेलो होतो, तेव्हापासून."

दोन वर्षं. मला सांगितलं होतं, गुडघ्याच्या डॉक्टरकडे जातोय.

रेघ. ८८ सेंटिमीटर. ती मी मोजली होती. रुंदी चार बोटं, असं मी स्वतःच्या हाताने लिहिलंय, याच वहीत. चार बोटं.

१५ मार्च

हिला विचारलं. ओट्यापाशी उभी होती. म्हणाली, डोळ्यामागची नस वाळत चाललीय. गेलेलं परत येत नाही. औषधाने उरलेलं थोडं टिकतं.

"मला का नाही सांगितलं?"

"त्यांनी वचन घेतलं होतं माझ्याकडून. ठकीला आपोआप कळलं. म्हणाले, त्याला सांगू नकोस, तो माझी मापं काढायला लागेल. घरात जिकडे तिकडे माझ्यासाठी काहीतरी ठोकून ठेवेल. मग मी या घरात राहणार नाही, नुसता बसवून ठेवलेला असेन."

"आणि भिंत?"

"मी म्हटलं होतं ना अर्धी ठेवा?"

"कारण नाही सांगितलंस!"

"तुम्ही विचारलंत 'का', आणि उत्तरही तुम्हीच दिलंत. चारचौघांत सांगायला नको, म्हणालात." मग म्हणाली, "चुकलं माझंही. वचन मोडायला हवं होतं. रोज वाटायचं, यांना दिसेल. हे तर कागदाएवढी फट बघतात. आज दिसेल, उद्या दिसेल."

ओट्याच्या या बाजूला मी, त्या बाजूला ती. मध्ये भिंत नव्हती, त्यामुळे तोंड लपवायला दोघांनाही जागा नव्हती. ती ओट्याला वळसा घालून आली आणि माझ्या शर्टाला हात पुसले. बावीस वर्षांत तिने फडकं कधी वेळेवर शोधलेलं नाही.

१६ मार्च

अण्णांच्या खोलीत गेलो. एक गोष्ट विचारल्याशिवाय राहवत नव्हतं. लाज वाटते लिहायला, पण तीच पहिली विचारली.

"अण्णा, मग ते फर्स्ट क्लास?"

"कुठलं?"

"चौकटी. दोन वर्षं."

अण्णा खूप दिवसांनी हसले. "अंगठ्याला कळतं रे. जहाजाची ती काळी चौकट आठवते? डाव्या खालच्या कोपऱ्यात एक बाजू वर होती. नखाएवढीसुद्धा नाही, पण होती."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू म्हणाला असतास, कुठे, दाखवा. आणि मी दाखवायला बोट पुढे केलं असतं, तर तुला कळलं असतं मी बघत नाहीये."

म्हणजे मी इथवर आलोच नव्हतो. मला वाटत होतं तिथून दोन वर्षं मागे उभा आहे. गंमत अशी, की हे ऐकून मला बरं वाटलं. अजून कोणीतरी फट काढणारं आहे.

मग मी मुद्द्यावर आलो. "अण्णा, मी मापं काढणार."

"माहीत होतं मला."

"घरात काहीतरी ठोकणार."

"तेही माहीत होतं."

"पण नकाशा तुम्ही तपासायचा. मॉडेलवर. पास केल्याशिवाय खिळा मारणार नाही."

अण्णा सरळ होऊन बसले. मग मांडी पुढे केली. "आण ते खोकं."

२३ मार्च

नकाशा पाचव्यांदा पास झाला. चार वेळा नापास.

भिंत परत नाही. तिच्या जागी, तिच्याच वाटेने, एक सलग कड. अण्णांच्या दारापासून पुस्तकांचं बुटकं कपाट, त्याला लागून ओटा, पुढे वळसा घेऊन बाथरूमपर्यंत कठडा. सगळ्यांच्या वरून सागाची एकच पट्टी धावते, गोल केलेली, जहाजाच्या कठड्यासारखी. उंची ८८ सेंटिमीटर. ओटा मी ८६चा केला होता. दोन सेंटिमीटर उचलला. हिला विचारून. ती म्हणाली, "कंबर माझी, विचारलंत हेच खूप झालं."

स्वयंपाकघरात जायला मध्ये एक वाट सोडावी लागते. मी ९० म्हणत होतो. अण्णा म्हणाले, "हात सोडायला लावू नकोस." त्यांचा हात लांब करून मोजला, दोन्हीकडून. आता वाट ७२. मी पोट आत घेऊन जाईन, सवय आहे.

खिडकीला जाड पडदा. ठकीने रंग निवडला. अण्णांनी विचारलं कुठला, ती म्हणाली, "तुम्ही फ्रिजवर उभे होता ना, तिथून बघितलं तर छान दिसेल असा."

पट्टीवर मी खुणा पाडणार होतो. एक खाच म्हणजे टेबल, दोन म्हणजे ओटा, तीन म्हणजे बाथरूम. अण्णांनी एका शब्दात नापास केलं. "मी काय बालवाडीत आहे?"

२ एप्रिल

काल पट्टी बसली. पाच सांधे. रात्री बघितले, सकाळी भिंगाने बघितले. फर्स्ट क्लास, असं मी मनात म्हटलं आणि मग गप्प बसलो. तो शब्द माझा नाही.

नाश्त्याच्या वेळी आम्ही तिघं आपापल्या जागी बसलो. मुद्दाम कोणी उठलं नाही. ही ओट्यापाशी, पाठ नव्हे तोंड आमच्याकडे. ठकीने आपली खुर्ची आधीच आत ओढून घेतली. खोलीचं दार उघडलं.

अण्णांचा हात बाहेर आला, खाली आला आणि पट्टीवर बसला. मग अण्णा आले. कपाटाच्या कडेने. पहिला सांधा गेला. दुसरा गेला. वाटेपाशी हात पुढे झाला, ७२ सेंटिमीटर हवेतून, आणि पलीकडे टेकला. हिने उलथनं धरून ठेवलं होतं, तव्यावर काहीतरी करपत होतं.

तिसऱ्या सांध्यावर ते थांबले. अंगठा मागे नेला. पुढे आणला. पुन्हा मागे.

"फट आहे," म्हणाले.

मी उठून उभा राहिलो. "कुठे?"

"शोध."

वाकून बघितलं. दिसेना. डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. होती. फट नव्हे, उजवी बाजू केसभर वर. मी इतका खूश झालो की ठकीला वाटलं माझं काहीतरी बिघडलं.

"काढतो, अण्णा. आत्ता. रंधा आणतो."

"थांब." त्यांनी सांध्यावर हात ठेवला. "टेबल इथून किती?"

"डावीकडे एक पाऊल. तुमची खुर्ची."

अण्णा वळले, एक पाऊल टाकलं, खुर्चीची पाठ हाताला लागली, बसले. मग म्हणाले, "राहू दे तो तसाच. तिथे आलं की कळतं, जेवायला बसायचं."

"खाचा नको म्हणालात आणि चूक चालते?"

"खाच तू माझ्यासाठी पाडली असतीस," अण्णा म्हणाले. "चूक तुझी आहे. सूनबाई, काय करपवलंस?"

आणि ही हसली. ओट्यामागून, सगळ्यांच्या आधी.

दुकानात ठेवतो तशी या कामाची चिठ्ठी लिहून वहीत डकवली आहे. लाकूड: साग. लांबी: ६.१५ मीटर, मध्ये वाट ७२ सेंटिमीटर. उंची: ८८. सांधे: पाच, मी मारलेले. तपासणारे: अण्णा. तिसरा सांधा केसभर वर. तसाच ठेवणे.